फळीवरच्या गोळ्या

तोरण्याच्या पायथ्याला, गुंजवणीच्या खोऱ्यात तिचं माहेर. त्या घरात आलेली पहिली गोळी हिवतापाची. १९७० च्या दशकात मलेरियाचा माणूस पायी वाड्या पालथ्या घालायचा. दाराशेजारच्या भिंतीवर भेटीची तारीख टाकायचा, तापलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या हातावर ठेवून पुढच्या वाडीची वाट धरायचा. गोळी जिभेला लागली की दिवसभर तोंड कडू. आजी ती गुळात दाबून द्यायची आणि वर म्हणायची, "लय गरम पडती ही. ताक पी."

गरम पडते, हा त्या खोऱ्याचा सगळ्याच गोळ्यांवरचा निकाल. चुलता मुंबईच्या गिरणीतून खोकला घेऊन परतला, त्याच्या क्षयाच्या गोळ्या गरम. तिला दिवस गेले तेव्हा नर्सबाईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या गरम. शिवाय त्या गोळ्यांनी पोटातलं पोर फार वाढतं आणि बाई अडते, हे सासरच्या बायकांचं एकमुखी मत. माला-डी या गर्भनिरोधक गोळीचं तर नावही काढायची सोय नव्हती. सुईचं मात्र तसं नाही. सुई टोचली, दुखलं, घाम आला, म्हणजे औषध लागू पडलं. गिळलेली गोळी पोटात जाऊन काय करते ते कुणाला दिसतं? म्हणून तिचा मान सुईच्या खाली, आणि बऱ्याच घरांत अंगाऱ्याच्याही खाली.

चुलत्याच्या त्या पुडीची एक गंमत तिला फार पुढे कळली. क्षयावरच्या औषधांत आयसोनियाझिड असतं. त्याचंच जवळचं भावंड आयप्रोनियाझिड. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांवर ही औषधं आजमावली जात होती. फुप्फुसांचं काय व्हायचं ते होत होतं, पण खाटेला खिळलेली माणसं जेवण मागू लागली, हसू लागली, घरी सोडा म्हणून डॉक्टरांशी भांडू लागली. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो तिकडच्या वर्तमानपत्रांत छापून आले. मग काही डॉक्टरांनी ते औषध क्षय नसलेल्या, पण कशातच जीव न उरलेल्या माणसांना देऊन पाहिलं. नैराश्यावरची पहिली गोळी ही अशी, दुसऱ्याच आजाराच्या दारातून आत आली. यकृताला घातक ठरल्याने आयप्रोनियाझिड मागे पडलं. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियासाठी आलेलं इमिप्रामिन नैराश्याच्या रुग्णांना उपयोगी पडतं, हे १९५७ मध्ये मांडलं. आजच्या गोळ्यांच्या पिढीतल्या फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९८७ च्या अखेरीस. चुलत्याला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो खडखडीत बरा झाला आणि पुढे पुष्कळ वर्षं शेजाऱ्यांशी बांधावरून भांडला.

सासर भोरकडचं, भाटघर धरणाच्या पाण्यामागे भुतोंडे खोऱ्यात. समोरच्या काठावरची घरं डोळ्यांना दिसतात, पण गाडीरस्त्याने जायचं तर पाण्याला अख्खा वळसा. स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर तिखटामिठाच्या डब्यांशेजारी गोळ्यांचा एक डबा. सासूबाईंची बीपीची गोळी, मालकांची साखरेची, कुणाची पित्ताची. ही सगळी उघड्यावरची मंडळी. पाहुणे आले तरी त्यांच्यादेखत घ्यायची, वर किती पॉवरची ते सांगायचं.

तिचं दुखणं कधी सुरू झालं ते तिला नेमकं सांगता येत नाही. चाळिशी उलटली होती. डोकं जड व्हायचं, अंग मोडून यायचं, पाठीत कळ निघायची, पहाटे तीनला झोप तुटायची ती तुटायचीच. भूक गेली. आमटीत मीठ दोनदा पडू लागलं किंवा पडेनासं झालं. 'उदास' हा शब्द तिने एकदाही वापरला नाही. "जीव लागत नाही कशात," एवढंच म्हणायची, तेही कुणी खोदून विचारलं तर. नैराश्य आपल्याकडे बहुतेक वेळा असं अंगदुखीच्या वेषात दवाखान्याची पायरी चढतं. मग इलाजही अंगदुखीचेच झाले. सलाइन लागलं, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली, वेदनाशामक गोळ्यांचं पाकीट संपलं. मांढरदेवीला जाऊन आली. माहेरच्यांनी वेल्ह्याच्या मेंगाईची ओटी भरली. (तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला; बायांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) एका देवऋष्याने घरातल्याच कुणीतरी केलंय असं सांगितलं, तेव्हा धाकट्या जावेशी सहा महिने अबोला झाला. त्या बिचारीचा दोष एवढाच की तिची भूक शाबूत होती.

एका दवाखान्यातून झोपेची गोळी मिळाली, अल्प्राझोलामची. पहिल्या रात्री ती मेल्यासारखी झोपली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पुढे अर्धीची एक झाली, एकीने भागेना. हे इथे सविस्तर सांगायला हवं, कारण गावातली निम्मी भीती याच घोटाळ्यातून येते. अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्यांची खरोखर सवय लागते. त्या थोड्या दिवसांसाठीच द्यायच्या असतात. नैराश्यावरच्या गोळ्या निराळ्या. त्यांनी नशा चढत नाही आणि डोस वाढवत नेण्याची हावही सुटत नाही. पण मेडिकलच्या काउंटरवर दोन्हींना 'डोक्याची गोळी' म्हणतात आणि एकीची बदनामी दुसरीच्या पदरात पडते.

मुलगी पुण्यात नर्सिंग शिकत होती. सुट्टीला आली तेव्हा तिने आईला दोनच प्रश्न विचारले. गेल्या पंधरवड्यात कशात रस वाटेनासा झालाय का? मन खचल्यासारखं, काही चांगलं होणार नाही असं वाटतं का? जगभर याच दोन प्रश्नांनी चाचपणी सुरू होते. आई चुलीकडे बघत म्हणाली, "पंधरवडा कुठला बाई, वर्स झालं."

पुण्याला न्यायचं ठरलं आणि घरात येरवड्याचं नाव निघालं. भोर-वेल्ह्यात येरवडा म्हणजे एक तुरुंग आणि दुसरं वेड्यांचं इस्पितळ; तिथे गेलेला माणूस परत येतो तो डाग घेऊन. २५४० खाटांचं ते मनोरुग्णालय देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे खरं, पण नैराश्याच्या बहुसंख्य माणसांचा खाटेशी संबंधच येत नाही. बाहेरच्या बाकावर बसायचं, डॉक्टरांशी बोलायचं, चिठ्ठी घेऊन घरी यायचं. दीर म्हणाले, "वहिनी, कुणाला सांगू नका, पोरीचं लग्न ठरायचंय." या एका वाक्याने या देशात किती बायकांचे उपचार अडले असतील याचा हिशेब कुणी ठेवत नाही. जो ठेवला गेलाय तो असा: बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. बारांत महाराष्ट्र नव्हता. आपले आकडे फार वेगळे निघाले असते असं मानायला काही आधार नाही.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड मंदावलं असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ उतरलं असेल, तर माणूस असाच दिसतो आणि मग मनाच्या गोळीने काही साधत नाही. नंतरचा प्रश्न ऐकून मालक चक्रावले: याच्या उलट कधी झालं होतं का? झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातो, असे दिवस? हा प्रश्न न विचारता गोळी लिहून देणारा डॉक्टर घाई करतोय असं खुशाल समजावं. द्विध्रुवी आजार असेल तर नैराश्याची गोळी एकटी दिल्याने माणूस दुसऱ्या टोकाला फेकला जाऊ शकतो. शेवटी डॉक्टरांनी मालकांना बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, जगू नये असं वाटतं का? पाण्याकडे बघत बसते, असं ती म्हणाली. भाटघरचं पाणी घराच्या अंगणातून दिसतं.

गोळी घ्यावी की घेऊ नये, याचा कौल इथेच लागला. पण तो प्रत्येकाचा असाच लागतो असं नाही. सौम्य नैराश्यात गोळी हा पहिला उपाय मानू नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात; आधी बोलण्याचे उपचार, व्यायाम, दिनक्रमाची घडी. मध्यम आणि तीव्र आजारात मात्र गोळीचं पारडं जड होतं. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने २१ औषधांचे ५२२ प्रयोग एकत्र तपासले, लाखाहून अधिक माणसांचे. सगळीच औषधं पोकळ, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण फरक डोळे दिपवणारा नव्हता. अमेरिकेतल्या स्टार-डी या अभ्यासात पहिल्या गोळीने पूर्ण आराम पडला तो साधारण तिघांतल्या एकाला; बाकीच्यांना औषध बदलावं किंवा जोडावं लागलं. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं, गोळी ते भरून काढते', ही दवाखान्यात सर्रास ऐकू येणारी कथाही आता तेवढी सरळ राहिलेली नाही. २०२२ च्या एका आढाव्यात या कथेला पक्का पुरावा सापडला नाही. गोळी काम करते, पण नेमकी कशी, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. चुलत्याच्या पुडीपासून हे असंच चाललंय.

पुण्यात दिवाणखान्यांतून गोळी विरुद्ध समुपदेशन असा वाद रंगतो. तो रंगवणाऱ्यांनी एकदा स्वारगेटहून भोरची एसटी धरावी आणि पुढे पाण्याला वळसा घालून जावं. दर आठवड्याला तासभर बोलण्यासाठी कुणी यावं, आणि कुठून यावं? या भूगोलात 'आधी बोलण्याचे उपचार' हे वाक्य कागदावरच बरं दिसतं. आपल्या शेजारच्या गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न दोनदा तपासला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात साध्या बाह्यरुग्ण विभागातल्या रुग्णांना फ्लुऑक्सेटिन, समुपदेशन किंवा पोकळ गोळी देऊन पाहिली होती. दोन महिन्यांनी औषध पोकळ गोळीच्या पुढे होतं, समुपदेशन नव्हतं; आणि औषधाची आघाडीही पुढे टिकली नाही. पटेल तिथे थांबले नाहीत. २०१७ च्या प्रयोगात त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून सहा ते आठ भेटींचा एक साधा कार्यक्रम दिला: माणसाला पुन्हा हालचालीत, कामात, माणसांत आणायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के. म्हणजे बोलणं फोल नव्हतं, ते कसं आणि कुणी बोलायचं हे जमवावं लागलं. हा कार्यक्रम भुतोंड्यात नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाच्या उपक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांना हाताशी धरलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सुमारे चार टक्क्यांवरून सत्तावीसवर गेलं. गावात कुणी ऐकायला बसलं तर लोक बोलतात.

तिने डॉक्टरांना विचारलेले प्रश्न कुठल्या शोधनिबंधात सापडत नाहीत. ही कायमची का? लावणीच्या चिखलात वाकले तर चक्कर येईल का? एकादशीला उपाशीपोटी चालेल का? आणि मालकांनी, जरा बाजूला घेऊन: "ती नाही म्हणाली तर चहात घालून देऊ का?" डॉक्टरांनी हा शेवटचा प्रश्न जिथल्या तिथे तोडला. चोरून औषध देणं हा विश्वासघात आहे, आणि एकदा कळलं की माणूस घरच्या चहालाही शिवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही उपचारांची माहिती घेऊन संमती देण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. घरोघरी हे चहाचे कप चालू आहेत, ते कायद्याच्या नजरेआड.

एस्सिटॅलोप्रॅम, लहान डोस, सकाळी खाऊन झाल्यावर. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, उगीच धडधड. "बघ, गरम पडली," सासूबाई म्हणाल्या. गुण काहीच नाही, त्रास मात्र सगळा, असा हा काळ असतो आणि बहुतेक गोळ्या याच काळात उकिरड्यावर जातात. औषधाचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या मनात या सुरुवातीच्या दिवसांत जीव देण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापतात, मुलांसाठी २००४ पासून आणि पंचविशीच्या आतल्यांसाठी २००७ पासून. आपल्याकडे तो इशारा घरच्यांच्या डोळ्यांनीच पाळायचा. आणखी एक परिणाम असा, की तो नवराबायकोत बोलला जात नाही, डॉक्टरांपुढे तर नाहीच: शरीरसुखाची इच्छा मंदावते. डॉक्टरांनी आपणहून विचारावं. डोस किंवा औषध बदलून वाट निघते.

गुण आला तो वाजतगाजत आला नाही. एका सकाळी कोंबड्यांनी वाळवणात तोंड घातलं आणि ती त्यांच्यावर ओरडत धावली. मालक ओसरीवर बसून ऐकत राहिले. वर्षभरात तिचा आवाज एवढा चढला नव्हता.

गोळी फळीवर मात्र गेली नाही. ती तांदळाच्या डब्यात, पुरचुंडीत राहिली. बीपीची गोळी चारचौघांत घेणारं घर हिची गोळी दार लोटून घेई.

मग आषाढ आला. तरवे उपटायला आले, चिखलणी झाली, माणसं मिळेनात आणि पाऊस असा लागला की एसटी दोन दिवस आलीच नाही. गोळ्या संपल्या. बरं वाटतच होतं, तेव्हा आता कशाला, असंही घरात झालं. चार दिवसांत तिला घेरी येऊ लागली, डोक्यात विजेचा झटका बसावा तसं व्हायचं, रडू फुटायचं. "बघा, सवय लागली म्हणून होतंय," हा निष्कर्ष लगेच निघाला. तो चूक होता. या गोळ्या एकदम बंद केल्या की शरीर असं गडबडतं. ते व्यसन नसतं आणि दर वेळी मूळ आजार परतलेलाही नसतो. त्यावरचा उपाय म्हणजे गोळी पुन्हा सुरू करून डॉक्टरांच्या हिशेबाने, हळूहळू, डोस घटवत थांबवणं. त्याच लावणीत कंबर धरली म्हणून तिला वेदनाशामक इंजेक्शन द्यायला निघाले होते. नैराश्याच्या या गोळ्यांबरोबर डायक्लोफेनॅकसारखी औषधं वारंवार घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि ट्रामाडॉल तर विचारल्याशिवाय घेऊच नये. भातशेतीच्या मुलखात, जिथे लावणीचा महिना वेदनाशामकांवर निघतो, तिथे हे प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत लिहायला काय हरकत आहे?

पहिल्या खेपेला बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते. तिने ठेवली, मग उतरवत नेऊन थांबवली. काही काळ उत्तम गेला. एकदा येऊन गेलेलं नैराश्य निम्म्याअधिक लोकांकडे परततं, तसं तिच्याकडेही परतलं, पुन्हा त्याच पहाटेच्या तीनला. या खेपेला सलाइन नाही, देवऋषी नाही. मांढरदेवीला मात्र गेली. देवीशी तिचं भांडण कधीच नव्हतं. डॉक्टरांकडे जायचं हे तिने स्वतः ठरवलं, एकटीने एसटी धरली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तरी महिन्याच्या साध्या कंपनीच्या गोळ्यांपेक्षा येण्याजाण्यालाच जास्त पैसे पडतात, हा हिशेब ती आशाताईंना बोटांवर मोजून दाखवते. दुसऱ्यांदा आलेल्या आजाराला गोळी जास्त काळ चालवतात, दोन वर्षं किंवा अधिक. ती चालवते आहे.

बचत गटाच्या बैठकीत मध्यंतरी तिने हे सगळं सांगितलं. बायका गप्प बसल्या. बैठक उठल्यावर एकजण मागे रेंगाळली, मग दुसरी. मुलीने पुण्याहून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'कासव' पाठवला होता, नैराश्यावरचा आणि २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवलेला. तो बायकांनी मोबाइलवर पाहिला आणि फार हळू आहे असा निकाल दिला.

वाचणाऱ्यांपैकी कुणी ही गोळी घेत असेल तर ती मनाने बंद करू नये आणि मनाने वाढवूही नये; परवडत नसेल, त्रास होत असेल, तर तेच डॉक्टरांना सांगावं. शेजारच्या माणसाला लागू पडलेली गोळी उसनी घेऊ नये. आणि घरातलं कुणी पाण्याकडे बघत बसत असेल, तर 'तुला मरावंसं वाटतं का' असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.